भंडाऱ्याचा गांवकारभार आणि कारभाऱ्यांचें शिक्षण

कायदा बदलला कीं कारभार बदलतो, असा समज सुशिक्षितांत फार दिवसांचा आहे. नवी सभा निघाली, नवा अध्यक्ष निवडून आला, कचेरीवरची पाटी बदलली, म्हणजे सुधारणा झाली असें वर्तमानपत्रें लिहितात आणि वाचणारेहि तें मानतात. परंतु ज्या शेतकऱ्याला शेताची हद्द कायम करून पाहिजे, ज्या विधवेला दाखला पाहिजे किंवा ज्या बापाला मुलाचें नांव शाळेंत घालावयाचें आहे, त्याची गांठ सभेशीं पडत नाहीं. ती पडते कारकुनाशीं, पटवाऱ्याशीं, गुरुजींशीं. हा मनुष्य आपलें काम कोठें शिकला, त्यास तें कोणीं शिकविलें आणि कोणासाठीं शिकविलें, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं. वैनगंगेच्या कांठचा भंडारा जिल्हा हा प्रश्न विचारण्यास फार सोयीचा आहे. भोसल्यांचा, रेसिडेंटाचा, मध्यप्रांताचा, पुढें मध्यप्रदेशाचा, मुंबई राज्याचा आणि शेवटीं महाराष्ट्राचा, इतके अंमल गेल्या दोनशे वर्षांत या जिल्ह्यानें पाहिले. प्रत्येक अंमलानें येथें स्थानिक कारभाराची नवी घडी बसविण्याचा यत्न केला. घडी कोणत्या वेळीं बसली व कोणत्या वेळीं विसकटली, हें पाहूं गेल्यास कायद्याच्या पुस्तकापेक्षां कारकुनाच्या उमेदवारीकडे अधिक लक्ष द्यावें लागतें.

जिल्हा धानाचा आणि तलावांचा. कोहळी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या बांधलेले तलाव व लहान बोड्या येथें इतक्या आहेत, कीं नागपूर प्रांतांतील सरोवरांचा मुलूख म्हणून जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं याचें वर्णन केलें. शहराचें नांव ‘भाणें’ म्हणजे पितळेचें ताट या शब्दावरून पडलें असें सांगतात, आणि तेथील पितळी भांड्यांचा धंदा पाहतां तें खोटें वाटत नाहीं. आज गोंदिया म्हणून जो निराळा जिल्हा आहे, तो १ मे १९९९ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता; येथें पुढें ‘भंडारा’ म्हटलें म्हणजे बहुतेक ठिकाणीं तो जुना, मोठा जिल्हाच समजावयाचा.

भोसल्यांच्या अमदानींत परगण्यावर कमाविसदार, गांवावर पाटील आणि पाटलाच्या हाताशीं हिशेब लिहिणारा पांड्या, अशी रचना होती. पांड्याचें शिक्षण घरींच होई. मोडी अक्षर, हिशेबाचीं कोष्टकें आणि गांवच्या जमिनींची तोंडपाठ माहिती हा त्याचा वारसा होता. १८१८ नंतर तिसऱ्या रघूजीच्या अज्ञानपणीं रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानें राज्याचा कारभार पाहिला, तेव्हां त्यानें ही रचना मोडली नाहीं. इकडच्या प्रदेशावर एक इंग्रज सुपरिंटेंडेंट नेमला, पण त्याच्या खालीं कमाविसदार जुनेच ठेविले. मात्र त्यांच्या हिशेबावर व वसुलीवर देखरेख घातली. १८३० सालीं कारभार राजाच्या हातीं परत गेला, तरी घालून दिलेली पद्धति पुष्कळ अंशीं पुढें चालू राहिली. नियमांचीं पुस्तकें त्या बारा वर्षांत थोडींच निघालीं. जें शिकविलें गेलें तें रोजच्या तपासणीनें, आणि म्हणूनच तें कांहीं काळ तरी टिकलें.

१८५३ च्या डिसेंबरांत रघूजी निपुत्रिक वारला आणि १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. योगायोगाची गोष्ट अशी, कीं त्याच १८५४ सालीं विलायतेंत नॉर्थकोट व ट्रेव्हेलियन यांचा तो प्रसिद्ध अहवाल बाहेर आला, ज्यांत सरकारी नोकर वशिल्यानें नव्हे तर परीक्षेनें निवडावा असें सांगितलें होतें. वरच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची काळजी कंपनीनें त्याच्याहि पूर्वीं घेतली होती. १८०० सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघालें तें तरुण गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठींच. विल्यम केरीचें १८०५ सालचें मराठी व्याकरण त्याच कॉलेजाच्या गरजेंतून जन्मास आलें. पुढें हेलिबरीचें कॉलेज चाललें. जिल्ह्याच्या शिखरावर बसणाऱ्या माणसाला दोन वर्षें शिकवावयाचें, आणि ज्याच्या कागदावर तो विसंबणार त्या पांड्याला मुळींच शिकवावयाचें नाहीं, असा हा व्यवहार होता. यांतील विसंगति लक्षांत येण्यास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं.

मधल्या काळांत मध्यप्रांत स्थापन झाला (१८६१) आणि भंडाऱ्याची पहिली मोठी जमाबंदी १८६७ च्या सुमारास पुरी झाली. तिनें पाटलाला मालगुजार केलें, म्हणजे गांवाचा मालक ठरविलें. यामुळें पांड्याची, म्हणजे आतांच्या पटवाऱ्याची, स्थिति चमत्कारिक झाली. कागद सरकारच्या उपयोगाचे, पण ते लिहिणारा मनुष्य मालगुजाराच्या घरचा नोकर. ज्याचा पगार मालकाच्या ओसरीवर मिळतो, तो कुळाच्या हक्काची नोंद मालकाविरुद्ध कशी करणार? नोंदी जुन्या पडत, शेतांच्या हद्दी अंदाजानें लिहिल्या जात, आणि वाद उपस्थित झाला म्हणजे कागदापेक्षां साक्षीदारांवर भिस्त ठेवावी लागे.

१८८० च्या दुष्काळ कमिशननें या जागेवर नेमकें बोट ठेविलें. दुष्काळ येण्यापूर्वीं त्याची चाहूल लागावी अशी इच्छा असेल, तर गांवोगांवच्या पिकांचे आंकडे विश्वसनीय पाहिजेत. आणि आंकडे विश्वसनीय पाहिजे असतील, तर ते लिहिणारा खेड्यांतला नोकर शिकलेला व देखरेखीखालचा पाहिजे. १८८१ चा मध्यप्रांताचा जमीनमहसूल कायदा झाला आणि त्यानंतर जमाबंदी व शेतकी या दोन्ही खात्यांचा कमिशनर म्हणून बॅम्फील्ड फुलर यानें हें काम हातीं घेतलें. वंगभंगानंतर पूर्व बंगालचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून अप्रिय झालेला व १९०६ सालीं राजीनामा देऊन गेलेला फुलर तो हाच. बंगाल्यांच्या लेखीं तो जुलमी अधिकारी. मध्यप्रांतांत त्यानें केलेलें काम मात्र निराळ्या जातीचें होतें, आणि तें आतां बहुतेकांच्या विस्मरणांत गेलें आहे.

फुलरची युक्ति सांगावयास सोपी, पण करावयास अवघड होती. बाहेरून मोजणीदारांची फौज आणून शेतें मोजवून घेतलीं, तर नकाशे सुरेख होतात, पण मोजणीदार निघून गेल्यावर ते अद्ययावत ठेवणारा कोणी राहत नाहीं. म्हणून त्यानें काम वांटून दिलें. गांवाच्या भोंवतालची मुख्य मोजणी, म्हणजे ज्या रेषांच्या आधारानें बाकीचें सर्व भरावयाचें तो सांगाडा, सर्व्हे खात्याच्या कसलेल्या लोकांनीं करावयाचा; आणि आंतील एक एक शेत साखळीनें मोजून नकाशांत भरावयाचें तें त्या त्या गांवच्या पटवाऱ्यानें. धानाच्या मुलखांत हें काम किती किचकट असतें हें बांध्या पाहिल्याशिवाय कळत नाहीं. कापसाच्या मुलखांत एक शेत म्हणजे एक लांबरुंद पट्टा असतो. येथें एकाच धुऱ्याच्या आंत लहान लहान बांध्यांची जाळी पसरलेली, आणि प्रत्येकीची पाळ वांकडी. अशा गांवाचा नकाशा एकदां स्वतःच्या हातानें काढणाऱ्या पटवाऱ्याला पुढें त्या शिवारांतला बदल दाखवून द्यावा लागत नसे.

मोजणीबरोबर जमिनीची प्रत ठरविण्याचेंहि शिक्षण आलें. कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी हीं नांवें शेतकऱ्यांचींच होतीं. फुलरच्या पद्धतीनें त्या प्रत्येकीला, आणि शेत सखल आहे कीं उंचावर, तलावाच्या पाण्याखालीं आहे कीं कोरडें, याप्रमाणें एक एक गुणांक दिला. त्या गुणांकांच्या बेरजेवरून एका गांवचा खंड दुसऱ्या गांवच्या खंडाशीं ताडून पाहतां येई. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द आणि कचेरींतला आंकडा यांची गांठ घालणारा मनुष्य पटवारी होता. म्हणून त्याला दोन्ही भाषा येणें अवश्य होतें. त्याच्यावर रेव्हेन्यू इन्स्पेक्टर, त्यांच्यावर जिल्ह्याच्या भूमिलेखांचा सुपरिंटेंडेंट, अशी देखरेखीची उतरंड तयार झाली. पगार मालगुजाराच्या हातून न मिळतां खास पट्टीच्या उत्पन्नांतून मिळूं लागला, आणि नेमणुकींत मालकाच्या मर्जीपेक्षां मोजणीच्या ज्ञानाला वजन आलें. शिक्षण आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी येथें बरोबरच आल्या हें विसरतां कामा नये. मालगुजाराच्या ओसरीवर बसलेल्या पटवाऱ्याला कितीहि उत्तम मोजणी शिकविली असती, तरी तिचा उपयोग मालगुजारालाच झाला असता.

या शिक्षणाची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून निघाला. धानाच्या जिल्ह्यांत पाऊस वेळेआधीं गेला कीं उभें पीक वाळतें, आणि भंडाऱ्याचें तसेंच झालें. कोणत्या गांवांत पीक किती आणे आलें, हें सांगणारा कागद पटवाऱ्याच्या बस्त्यांतून निघत होता. परंतु त्याच बस्त्यांतून दुसराहि कागद निघाला. शेतांची खरी मोजणी, प्रतीची खरी नोंद आणि खंडाचा खरा आंकडा हातीं आल्यामुळें १८९० नंतरच्या जमाबंदींत साराहि वाढला. रमेशचंद्र दत्त यांनीं १९०० सालीं लॉर्ड कर्झनला उद्देशून जीं अनावृत पत्रें लिहिलीं, त्यांपैकीं पहिलें मध्यप्रांतांतील साऱ्याच्या वाढीवरच होतें. फुलरच्या चाहत्यांना ही गोष्ट आवडत नाहीं, आणि दत्तांच्या चाहत्यांना पटवाऱ्याच्या नकाशाचें कौतुक आवडत नाहीं. परंतु दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिकविलेला नोकर ज्याच्या हुकमांत असतो त्याचें काम चांगलें करतो. पटवारी सरकारच्या हुकमांत होता.

लोकांच्या हुकमांत असावा असा नोकर तयार करण्याची संधि त्याच दशकांत आली होती. १८ मे १८८२ चा लॉर्ड रिपनचा ठराव सर्वांच्या परिचयाचा आहे. स्थानिक स्वराज्य द्यावयाचें तें कारभार लगेच सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांना राजकीय शिक्षण मिळावें म्हणून, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. त्याला अनुसरून १८८३ सालीं मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट कौन्सिल व त्याच्या खालीं लोकल बोर्डें आलीं. गांवांचे गट पाडून त्यांतील मुकादमांनीं आपल्यांतून एक प्रतिनिधि निवडावयाचा, कांहीं जागा व्यापाऱ्यांना, कांहीं सरकारनियुक्त, अशी रचना ठरली. शाळा, रस्ते, दवाखाने, कोंडवाडे, नावा हीं कामें त्यांच्याकडे आलीं. भंडारा, पवनी व तुमसर येथील म्युनिसिपालिट्या तर १८६७ पासूनच्या.

रिपनच्या ठरावांत सभासदांच्या शिक्षणाचा विचार आहे. सभेच्या नोकराच्या शिक्षणाचा विचार कोठेंच दिसत नाहीं. याला एकच मोठा अपवाद, तो शाळामास्तरांचा. त्यांच्यासाठीं नागपुरास नॉर्मल स्कूल होतें, आणि तेथून शिकून आलेला मास्तर व न शिकतां नेमलेला मास्तर यांतील फरक खेड्यांतल्या पालकालाहि कळे. परंतु रस्त्याचा हिशेब ठेवणारा, ठेक्याचे कागद करणारा, कोंडवाड्याचें उत्पन्न जमा करणारा कारकून आपलें काम शेजारच्या टेबलावरून शिकला. शेजारचा कारकून जें चुकीचें करीत असे, तेंहि तो त्याच तत्परतेनें शिकला. एकाच जिल्ह्यांत, एकाच काळांत, महसूल खात्याचा सर्वांत खालचा नोकर साखळी हातांत घेऊन शिकत होता आणि लोकांच्या कौन्सिलाचा कारकून ऐकीव ज्ञानावर चालत होता. स्थानिक स्वराज्य हिंदुस्थानांत रुजलें नाहीं याचें खापर पुढें पुष्कळदां लोकप्रतिनिधींच्या गटबाजीवर फोडण्यांत आलें. गटबाजी होतीच, पण ती इंग्लंडांतील बरोंमध्येंहि होती, आणि तेथें ती सोसली गेली याचें एक कारण असें कीं टाउन क्लार्क म्हणून बसलेला मनुष्य आपल्या कामांत मुरलेला असे.

१९२० सालच्या कायद्यानें सरकारी अध्यक्ष जाऊन लोकांचा अध्यक्ष आला, आणि त्याच वर्षीं ग्रामपंचायतींचाहि कायदा झाला. त्या दशकांत मुंबईंत एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट घडली. १९२६ सालीं तेथें स्थानिक स्वराज्याची संस्था स्थापन झाली. पुढें ती अखिल भारतीय संस्था म्हणून प्रसिद्ध झाली. म्युनिसिपालिट्यांच्या नोकरांसाठीं पदविका आणि आरोग्य-निरीक्षकांचे वर्ग तिनें चालविले. सरकारी हुकमानें नव्हे, तर नगरकारभारांत पडलेल्या लोकांच्या हौसेनें निघालेली ही शाळा होती. तिचा लाभ शहरांना झाला. साकोलीसारख्या गांवापर्यंत तिचें वारें पोंचण्यास फार वर्षें लागलीं.

यानंतर भंडाऱ्याच्या इतिहासांतील सर्वांत धाडसी प्रयोग आला, तो जनपदाचा. १९३७ च्या मंत्रिमंडळांत स्थानिक स्वराज्यमंत्री असलेले द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या मनांत ही कल्पना होती. त्यांच्याच हातून १९४८ सालीं कायदा होऊन १ जुलै १९४८ पासून जनपदसभा सुरू झाल्या. जिल्ह्याचें कौन्सिल व लोकल बोर्डें रद्द करून प्रत्येक तहशील हेंच कारभाराचें केंद्र करावयाचें, आणि सरकारची तहशील व लोकांची सभा यांची एकजीव रचना करावयाची, असा तिचा हेतु होता. भंडारा, गोंदिया व साकोली अशा तीन तहशिली, म्हणून तीन जनपदें झालीं. सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी नोकर, परंतु सभेच्या ठरावाची अंमलबजावणी करणारा. जिल्ह्याच्या गांवीं हेलपाटे न घालतां तहशिलीच्या गांवीं काम व्हावें, आणि सरकारी नोकरानें लोकांच्या सभेपुढें उत्तर द्यावें, ही कल्पना त्या वेळच्या साऱ्या देशांत नवी होती. बळवंतराय मेहता समिति १९५७ सालची. म्हणजे तिच्या नऊ वर्षें आधीं वैनगंगेच्या कांठीं हा प्रयोग चालू होता.

जनपदांना पैसा अपुरा पडला हें त्यांच्याविषयीं लिहिणाऱ्या सर्वांनीं नोंदविलें आहे, आणि तें खरेंच आहे. दुसरें कारण कमी बोललें गेलें. कायद्यानें दोन निराळ्या संस्कारांचे नोकर एका छपराखालीं आणले. एक महसुली कचेरींत वाढलेला, वरून आलेला हुकूम खालीं पोंचविण्याची संवय असलेला. दुसरा जुन्या कौन्सिलाचा, सभासदाचें तोंड पाहून कागद पुढें सरकवणारा. या दोघांनीं मिळून तिसऱ्याच पद्धतीनें काम करावयाचें होतें, आणि ती तिसरी पद्धति शिकविणारी शाळा नव्हती. नागपूर विद्यापीठांत लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला तो याच सुमारास, भंडाऱ्यापासून अवघ्या साठ-बासष्ट किलोमीटरांवर. परंतु विद्यापीठाची पदवी घेणारा विद्यार्थी जनपदाच्या टेबलावर सहसा बसत नाहीं, आणि टेबलावर बसलेल्याला विद्यापीठांत जाण्यास रजा मिळत नाहीं.

३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली. त्यानंतर गांवांत जी पोकळी पडली ती भरण्यासाठीं जणूं ग्रामसेवक आला. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सामूहिक विकास योजना सुरू झाली. दहा-बारा गांवांमागें एक ग्रामसेवक, आणि त्यानें शेतीपासून आरोग्यापर्यंत सर्व खात्यांचा निरोप पोंचवावयाचा. येथें मात्र क्रम बरोबर होता: आधीं शिक्षण, मग नेमणूक. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्यानें देशभर शिक्षणकेंद्रें निघालीं. शेतकीचें मूळ ज्ञान आणि मग विस्तारकार्य असे त्याचे टप्पे होते. पटवाऱ्यानंतर सत्तर वर्षांनीं खेड्यांत पुन्हां एकदां मुद्दाम शिकविलेला नोकर आला, आणि तोहि सारा वसूल करण्यासाठीं नव्हे. दोष होता तो दुसरा: त्याच्या डोक्यावर इतक्या खात्यांचीं कामें आलीं, कीं शिकलेलें वापरण्यापेक्षां तक्ते भरण्यांत त्याचा दिवस जाऊं लागला.

१९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. वसंतराव नाईक समितीनें १९६१ सालीं तहशिलीऐवजीं जिल्हा हाच पाया धरला, आणि १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तीन जनपदें जाऊन एक भंडारा जिल्हा परिषद आली. नोकर बहुतांशीं तेच, पाटी नवी. पण या वेळीं शिक्षणाकडे सरकारचें लक्ष गेलें हें मान्य केलें पाहिजे. १९६३ सालीं मुंबईस प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय निघालें. १९८४ सालीं तें पुण्यास गेलें आणि १९९० पासून यशवंतराव चव्हाणांच्या नांवानें ‘यशदा’ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर (१९९३) सरपंच व सदस्य यांचेहि वर्ग आले, आणि आरक्षणानें निवडून आलेल्या स्त्रियांना त्यांचा उपयोग झाला. रिपनला अभिप्रेत असलेलें शिक्षण वर्गांत बसून देण्यास एकशेंदहा वर्षें लागलीं. २०२४ सालीं ग्रामसेवकाचें नांव बदलून ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याचें ग्राम महसूल अधिकारी असें झालें. नांवाबरोबर अभ्यासक्रम किती बदलतो तें दिसेलच.

एका विषयाचा उल्लेख केल्याशिवाय भंडाऱ्याची हकीकत पुरी होत नाहीं, तो म्हणजे तलाव. मालगुजारी गेली तेव्हां मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांतील लहान तलाव पुढें जिल्हा परिषदेकडे आले. लोक त्यांना माजी मालगुजारी या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन ‘मामा तलाव’ म्हणतात. पाळ केव्हां दुरुस्त करावयाची, गाळ कोणीं काढावयाचा, पाणी कोणत्या बांधीला आधीं सोडावयाचें, हें ज्ञान कोहळी घराण्यांत व गांवच्या पाणी वांटणाऱ्या माणसांत होतें. जुन्या वाजिब-उल-अर्जांत त्यांतील कांहीं चालीरीती पटवाऱ्यानेंच लिहून ठेविल्या होत्या. तलाव एका दप्तरांतून दुसऱ्या दप्तरांत गेला, त्याचें ज्ञान मात्र बदलून आलेल्या अभियंत्याबरोबर किंवा कारकुनाबरोबर गेलें नाहीं. पुण्याच्या किंवा मुंबईच्या वर्गांत हिशेब, कायदा आणि संगणक शिकवितां येतो. सिहारी जमिनीच्या बांधीला हत्तीच्या पावसापूर्वीं किती पाणी लागतें, हें नवेगांवच्या किंवा साकोलीच्या पाळीवरच शिकवावें लागतें. हल्लीं मामा तलावांतील गाळ काढण्यासाठीं पुन्हां पैसा मंजूर होऊं लागला आहे, आणि ज्यांच्या सहीनें तो खर्च व्हावयाचा त्यांच्या कचेरीच्या कपाटांत ते जुने कागद आहेत.